घर परत मिळालं, जमीन नाही : एस्टोनियातले तीन ‘मोइस’

पुण्यातून बाल्टिक देशांकडे निघणाऱ्या गटसहलींच्या पत्रकात ‘लाहेमा राष्ट्रीय उद्यान आणि पाल्म्से मॅनॉर’ अशी एखादी ओळ असते. प्रत्यक्षात होतं काय, तर बस थांबते, तळ्याकाठी फोटो निघतात, खालच्या मजल्यावरच्या चार खोल्या बघून होतात आणि पाऊण तासात गाईड हात वर करतो. तेवढ्यात एक नीट रंगवलेली मोठी कोठी बघितल्याचं समाधान मिळतं. पण या भागात बघण्यासारखी गोष्ट एका कोठीत नाही. तीस-पस्तीस किलोमीटरच्या पट्ट्यात कोल्गा, पाल्म्से आणि सागादी अशी तीन घरं उभी आहेत. १९१९ पर्यंत तिघांचं नशीब जवळजवळ एकाच साच्यातलं होतं. पुढे एक संग्रहालय झालं, एक वनखात्याकडे गेलं आणि एक जुन्या घराण्याला परत मिळालं. तिन्ही एकाच दिवसात, योग्य क्रमाने बघितली तरच ही सहल पैसे वसूल करून देते. म्हणून हे परीक्षण तिघांचं मिळून आहे.

आधी शब्दाचा उलगडा. एस्टोनियन भाषेत अशा घराला ‘मोइस’ म्हणतात. त्यातला ओ आपल्या ओपेक्षा जरा मागून, घशाच्या बाजूने येतो. इंग्रजी पाट्यांवर ‘मॅनॉर’ लिहिलेलं असतं आणि आपण मनात ‘वाडा’ असं भाषांतर करून टाकतो. तिथेच चूक होते. वाडा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चौक, दिंडी दरवाजा, माजघर येतं. म्हणजे इमारत येते. ती पोसणाऱ्या उत्पन्नाला आपल्याकडे सरंजाम, इनाम असे वेगळे शब्द आहेत. मोइस या एका शब्दात दोन्ही आलं. मुख्य घर, तबेले, धान्याचं कोठार, दारूची भट्टी, लोहारशाळा, कारभाऱ्याचं घर, बाग, जंगल, हजारो हेक्टर शेत आणि त्या शेतावर वेठीला बांधलेली माणसं, हे सगळं मिळून मोइस. मुख्य घर हा त्यातला फक्त खर्चाचा भाग. हे डोक्यात ठेवून गेलात तर तिन्ही ठिकाणी नजर आपोआप बाजूच्या इमारतींकडे वळेल, आणि वळायलाच हवी.

नावांचाही घोळ आधी सोडवून ठेवा. मालक जर्मन बोलणारे आणि कुळं एस्टोनियन बोलणारी, त्यामुळे प्रत्येक मोइसला दोन नावं. पाल्म्सेचं जर्मन नाव पाल्म्स, सागादीचं साग्गाड, कोल्ग्याचं कोल्क. जुन्या नकाशांवर आणि कागदांवर जर्मन नावंच सापडतात. हे माहीत नसेल तर एकाच घराची दोन घरं समजून माणूस गोंधळतो.

आता क्रम. राजधानी तालिनहून नार्व्याकडे जाणारा एक नंबरचा महामार्ग धरायचा. सुमारे पन्नास किलोमीटरवर कोल्ग्याचा फाटा येतो. तिथून परत महामार्गावर येऊन विटना गावापर्यंत जायचं आणि डावीकडे, समुद्राच्या दिशेने वळायचं. सात-आठ किलोमीटरवर पाल्म्से. तिथून सागादी तेवढंच पुढे, म्हणजे साधारण स्वारगेट ते कात्रज, फक्त मध्ये एकही सिग्नल नाही आणि दोन्ही बाजूंना पाइनचं जंगल. बहुतेक गाड्या थेट पाल्म्सेला नेतात आणि कोल्गा टाळतात, कारण तिथे ‘बघण्यासारखं काही नाही’. हा सल्ला ऐकू नका. कोल्गा पहिल्यांदा बघावं आणि पोट भरून बघावं.

कोल्ग्याची मालकी पाहिली तर युरोपच्या या कोपऱ्याचा अख्खा इतिहास येतो. तेराव्या शतकात ही जमीन बाल्टिक समुद्रातल्या गोटलंड बेटावरच्या रोमा मठाकडे होती. हा रोमा म्हणजे इटलीचा नव्हे. सिस्टर्शियन पंथाचा मठ, मधे समुद्र, आणि शेतीचा वसूल इथून तिकडे. १५१९ मध्ये मठाने ती डेन्मार्कच्या राजाला विकली. मग या प्रदेशावर स्वीडनचा अंमल आला आणि १५८१ च्या सुमारास ती पाँटस दे ला गार्दी या फ्रेंच वंशाच्या स्वीडिश सेनापतीला मिळाली. हा गडी लढाईत चमकला, स्वीडनचा राजा तिसरा योहान याच्या अनौरस मुलीशी त्याचं लग्न लागलं, आणि १५८५ मध्ये नार्वा नदीत बुडून मेला. सतराव्या शतकाच्या मध्यावर दे ला गार्दी घराण्यातली मुलगी स्टेनबॉक घराण्यात गेली आणि कोल्गा तिच्याबरोबर गेलं. तलवारीने मिळालेलं वतन लग्नाने दुसऱ्या आडनावाखाली जातं, ही गोष्ट आपल्याला समजावून सांगायला नको. तिथपासून स्टेनबॉक.

आज दिसणारी दर्शनी बाजू १८२० च्या दशकातली आहे. खांबांची रांग, वर त्रिकोणी माथा, म्हणजे त्या काळी सेंट पीटर्सबर्गपासून इकडे सगळीकडे पसरलेली अभिजात शैली. समोर उभं राहिलं की पहिल्यांदा जाणवतो तो आकार. उत्तर एस्टोनियातल्या सर्वांत मोठ्या मोइसांपैकी हे एक. आणि लगेच दुसरी गोष्ट जाणवते, ती म्हणजे पडझड.

ही पडझड कशी होते ते वाचता आलं तर कोल्ग्याची फेरी तिन्हींत सरस ठरते. उत्तर एस्टोनिया चुनखडीच्या थरावर बसलेला आहे, त्यामुळे भिंती त्याच दगडाच्या आणि सांधे चुन्याचे. दगडी वाटणारे खांब अशा घरांत बहुधा विटांचे असतात, वरून चुन्याचा गिलावा. छपराचा पत्रा किंवा कौल एका जागी सरकलं की पाणी आत येतं. ते भिंतीत मुरतं, हिवाळ्यात गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि गिलावा आतून ढकलतं. कडक थंडीत एकदा गोठून राहिलं तर नुकसान कमी. खरा मार बसतो नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये, जेव्हा दिवसा वितळतं आणि रात्री परत गोठतं. म्हणून पोपडे सगळ्यात आधी पडतात ते खांबाच्या पायथ्याशी आणि पन्हाळीच्या खाली. तिथे जाऊन बघाच.

आतला शत्रू वेगळा. आपल्या वाड्यांना वाळवी खाते. तिकडे ‘माजावाम’ नावाची बुरशी. ती लाकूड कुजवते, पण तिची खरी करामत अशी की ती दोऱ्यांसारखे तंतू सोडून ओल बरोबर घेऊन जाते, वाटेतली वीटभिंत ओलांडते आणि पलीकडच्या कोरड्या तुळईपर्यंत पोचते. घर तापवणं बंद झालं की तिला मोकळं रान. मोइसच्या प्रत्येक खोलीत छतापर्यंत पोचणारी चिनी मातीच्या फरशांची भट्टी असायची. लाकूड जळायचं, भट्टी तासन् तास उष्णता धरून ठेवायची, भिंती कोरड्या राहायच्या. भट्ट्या विझल्या की दगडी भिंती हिवाळाभर गार पडतात. वसंतात बाहेरची दमट हवा आत आली की त्या गार भिंतींवर दव सुटतं. छप्पर एकदम शाबूत असलं तरी घर आतून ओलं होतं. लोक छपराला दोष देतात, खरा दोष विझलेल्या चुलीचा असतो. तुळईची टोकं भिंतीत ज्या जागी बसतात तिथे कुज सुरू होते, आणि मग मधे दणकट दिसणारी जमीन कडेने खचते. सदाशिव पेठेतल्या एखाद्या जुन्या वाड्याचा जिना बघितला असेल तर हे लगेच ओळखू येईल. सागवान आणि पाइन, दोन्ही टोकाकडूनच जातात.

दुरुस्तीतली नेहमीची चूकही दोन्हीकडे एकच. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट कोंडतं. कोंडलेली ओल वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या काठाला काळपट पट्टा दिसतो. सोव्हिएत काळात ‘मजबुती’ केलेल्या कित्येक मोइसांवर असे पट्टे आहेत. पुण्यात तर ही खूण शोधायला लांब जावं लागत नाही.

मग हे घर असं का राहिलं? मालक सापडला नाही म्हणून? उलट. १९९३ मध्ये कोल्गा स्टेनबॉक घराण्याला परत मिळालं. जुन्या मालकाच्या हाती घर गेलं की ते उभं राहतं, असं आपल्याला सहज वाटतं. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं कारण कळण्यासाठी १९१९ कडे जावं लागतं.

स्वतंत्र एस्टोनियाच्या संविधान सभेने १० ऑक्टोबर १९१९ रोजी जमीन सुधारणेचा कायदा केला. त्याआधी देशातली निम्म्याहून जास्त जमीन मोइसांकडे होती. हजाराहून अधिक मोइस सरकारजमा झाले, जमिनीचे तुकडे पाडून त्या कसणाऱ्यांना, सैनिकांना आणि भूमिहीनांना वाटल्या. आपल्याकडचा कुळकायदा १९४८ चा आणि कृषकदिन १ एप्रिल १९५७ चा. एस्टोनियाने तेच काम चार दशकं आधी, एका फटक्यात उरकलं. त्यामागे राग होता. रशियन साम्राज्यातल्या एस्टोनिया प्रांतात १८१६ मध्ये भूदासपण संपलं खरं, पण जमीन मालकाचीच राहिली. माणूस मोकळा झाला आणि राहत्या जमिनीचं भाडं म्हणून वेठ चालूच राहिली. ती कायद्याने थांबायला १८६८ उजाडलं. १९०५ च्या डिसेंबरात शंभरावर मोइस जाळले गेले. त्यामुळे १९१९ चा कायदा म्हणजे अचानक पडलेली वीज नव्हती.

मालकांपैकी काहींना घराभोवतीचा थोडा गाभा ठेवता आला. १९३९ मध्ये हिटलरच्या बोलावण्यावरून बाल्टिक जर्मन मोठ्या संख्येने देश सोडून गेले. १९४० मध्ये सोव्हिएत फौजा आल्या आणि उरलंसुरलं सरकारी झालं. १९४९ च्या मार्चमध्ये वीस हजारांवर माणसं सायबेरियाकडे पाठवली गेली आणि पाठोपाठ गावोगाव सामूहिक शेती आली. मग १९९१ मध्ये मालमत्ता परत देण्याचा कायदा झाला. त्याची मेख अशी : १६ जून १९४० नंतर जे हिरावलं गेलं तेवढ्याचाच विचार होणार. म्हणजे सोव्हिएतांनी घेतलेलं परत मिळेल, एस्टोनियाने स्वतः १९१९ मध्ये घेतलेलं नाही.

आता कोल्ग्याचा हिशेब मांडा. १९४० साली हातात जे उरलं होतं त्याच्यावरच हक्क सांगता येणार. घर आलं, ते बांधलं गेलं तेव्हा त्याला पोसणारी प्रचंड जमीन, जंगल, भट्टी आणि फुकटची मजुरी आली नाही. सरंजाम गेलेला आणि वाडा हातात, म्हणजे छपराचा खर्च जहागिरीचा आणि उत्पन्न पेन्शनरचं. कोल्ग्याच्या खांबांकडे बघताना स्टेनबॉकांना नावं ठेवण्याआधी हे गणित करून पाहावं. आवारात कोल्ग्याचं छोटं संग्रहालय आहे, मुख्य घरापेक्षा त्यातच जास्त वेळ जातो. मुख्य इमारतीत कुठेही, कितीही दार उघडं दिसलं तरी परवानगीशिवाय शिरू नका. खचलेली जमीन वरून कळत नाही.

कोल्ग्याहून पाल्म्सेला आलं की डोळे दिपतात. गुळगुळीत हिरवळ, तळं, बागेतली वाट, स्वच्छ गिलावा. इथे मालकी फार सरळ आहे. तेराव्या शतकापासून १५१० पर्यंत तालिनच्या सेंट मायकेल जोगिणींच्या मठाकडे, मग काही हात बदलून मेट्झटाकेन घराण्याकडे, आणि १६७० च्या दशकात लग्नाच्या वाटेने फॉन डेर पाहलेन घराण्याकडे. ते १९१९ पर्यंत. म्हणजे जवळपास अडीचशे वर्षं एकच आडनाव. घर बांधायला काढलं १६९७ मध्ये, याकोब श्टेल फॉन होल्स्टाइनच्या आराखड्यावरून. मग स्वीडन आणि रशियातलं ‘उत्तरेचं मोठं युद्ध’ आलं, रशियाने प्रदेश घेतला, काम लांबलं. १७८२ ते १७८५ या काळात योहान कास्पर मोर या वास्तुविशारदाने त्याचा कायापालट केला आणि आजचं रूप मुख्यतः त्याचं.

पाहलेन मंडळी नुसती गावची जहागीरदार नव्हती. कार्ल माग्नुस हा १८३० ते १८४५ बाल्टिक प्रांतांचा गव्हर्नर-जनरल होता. अलेक्झांडर फॉन डेर पाहलेनने बाल्टिक रेल्वेचा पाठपुरावा केला. १८७० मध्ये पाल्दिस्की–तालिन–सेंट पीटर्सबर्ग मार्ग सुरू झाला. ही रेल्वे मोइसच्या धंद्याशी कशी जोडलेली आहे हे समजलं तर पाल्म्सेची दारूभट्टी वेगळी दिसू लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या मोइसांची खरी कमाई राय या धान्यापासून गाळलेल्या दारूची होती, गिऱ्हाईक रशियाची तेव्हाची राजधानी पीटर्सबर्ग. धान्य नेण्यापेक्षा दारू नेणं स्वस्त. गाळून उरलेला चोथा बैलांना, पुष्ट झालेले बैल राजधानीच्या बाजाराला, त्यांचं शेण परत शेताला. एकोणिसाव्या शतकात रायची जागा बटाट्याने घेतली, पण चक्र तेच. नीट आखलेला धंदा होता तो. फक्त त्यात मजुरीचा रकाना रिकामा होता. पाल्म्सेत ती भट्टीची इमारत अजून आहे, पुढे तिचं हॉटेल झालं. बहुतेक प्रवासी तिच्याकडे पाठ करून मुख्य घराचा फोटो काढतात.

१९१९ नंतर पाल्म्सेत आरोग्यधाम, मग सोव्हिएत काळात मुलांच्या शिबिराची जागा, असे वापर होत गेले. १९७१ मध्ये लाहेमा हे राष्ट्रीय उद्यान घोषित झालं, त्या वेळच्या अख्ख्या सोव्हिएत संघातलं पहिलं. पाल्म्से उद्यानाच्या ताब्यात आलं आणि सत्तरीच्या मध्यापासून १९८६ पर्यंत अख्खं आवार दुरुस्त झालं. गंमत बघा : जमीनदारी नष्ट करणाऱ्या राजवटीत जमीनदाराचं घर सर्वांत आधी, सर्वांत नीट उभं राहिलं. कारण उघड आहे. खर्च करणारा वेगळा होता आणि त्याला त्या घरातून उत्पन्न नको होतं.

तक्रारीची जागा आतल्या सामानात आहे. खुर्च्या, आरसे, पियानो, सगळं त्या काळाला शोभेसं, पण बहुतेक सामान या घराचं मूळचं नाही. १९१९ आणि १९३९ मध्ये जे पांगलं ते पांगलं, आजचं इतर ठिकाणांहून जमवलेलं. त्यामुळे ‘पाहलेन इथे बसून पत्रं लिहायचा’ असं काही कोणी सांगू लागलं तर मान डोलवावी आणि पुढे जावं. खोल्यांची मांडणी, दारांची एका रेषेतली रांग, भट्ट्यांच्या जागा हे बघण्यासारखं. नोकर कोणत्या वाटेने ये-जा करायचे, भट्टीत लाकूड कुठल्या बाजूने घातलं जायचं, हे विचारा. दिवाणखान्यात राख सांडू नये म्हणून केलेल्या सोयींत घरातली उतरंड कोणत्याही तसबिरीपेक्षा स्पष्ट कळते. वेळ कमी असेल तर वरच्या सजावटीवर कात्री लावा, हरितगृह आणि घोड्यांच्या पागेकडच्या इमारतींवर नको.

तीन घरांत सर्वांत मनाला पटणारं मात्र सागादी. फॉन फॉक घराणं सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १९१९ पर्यंत. घर १७४९ ते १७५३ मध्ये बांधलेलं, रोकोको या नाजूक, नक्षीदार धाटणीचं, मग १७९० च्या दशकात पुन्हा सजवलेलं. गुलाबी भिंती, पांढऱ्या पट्ट्या, आवाराला घंटेचं प्रवेशद्वार. अंगण मोजून-मापून आखलेलं, कोणतीही इमारत दुसरीच्या अंगावर येत नाही. पाल्म्सेपेक्षा लहान आहे, आणि म्हणूनच मोइस म्हणजे काय ते एका नजरेत इथे मावतं.

सागादी वाचलं कसं, याचं उत्तर साधं आहे : इथे शाळा होती. १९१९ नंतर मुख्य घरात गावची शाळा भरू लागली आणि ती १९७० च्या दशकापर्यंत चालली. ज्या घरात आजोबा वेठीला होते तिथे नातवंडं बाराखडी शिकली. शाळा म्हणजे दर हिवाळ्यात पेटणारी भट्टी, फुटली तर दुसऱ्या दिवशी बसवावी लागणारी काच, गळलं तर तक्रार करणारा मास्तर. वर सांगितलेल्या ओलीच्या गणितात ही तिन्ही औषधं. एस्टोनियात असे कित्येक मोइस शाळांनी जगवले आणि आजही अनेकांत शाळा भरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांतले बरेच लोकांना बघायला उघडतात. शाळेनंतर सागादी वनखात्याकडे गेलं, दुरुस्त झालं, १९८७ मध्ये तिथे वनसंग्रहालय आलं. राहण्याची सोयही आवारात आहे.

पुणेकराला इथे विश्रामबागवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. दुसरा बाजीराव त्यात राहिला जेमतेम अकरा वर्षं. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा आली, मग शाळा, मग पालिकेच्या कचेऱ्या. १८७९ च्या आगीत काही भाग जळूनही तो उभा राहिला, कारण त्याच्याशी कोणाचं तरी रोजचं काम अडलेलं होतं. उलट ज्या वाड्यांत मालक आहे, भाडेकरू आहेत, भाडं १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या काळापासून जवळपास तिथेच आहे आणि सातबाऱ्यासारखी लांबलचक वारसांची यादी आहे, ते कोल्ग्याच्या वाटेने जातात. तिथेही घर आहे, घराचं उत्पन्न नाही.

मालकीची साखळी स्वतः तपासायची हौस असेल तर एस्टोनियासारखी सोय दुसरीकडे मिळणं कठीण. प्रत्येक संरक्षित मोइसची नोंद सांस्कृतिक वारशाच्या सरकारी नोंदवहीत आहे आणि ती घरबसल्या बघता येते. मुख्य घर, कोठार, बागेची भिंत, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक. आजचा मालक जमीन नोंदवहीत ऑनलाइन सापडतो. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘सागा’ या संकेतस्थळावर चर्चच्या नोंदी आणि भूदासांच्या शिरगणतीच्या याद्या पानापानाने बघता येतात. अडचण लिपीची : जुनं जर्मन हस्ताक्षर जर्मन येणाऱ्यालाही लागत नाही. पेशवे दफ्तरासमोर मोडी न येणारा माणूस बसतो, तसंच. एक सूचना मात्र उपयोगी पडेल. एस्टोनिया प्रांतातल्या शेतकऱ्यांना आडनावं मिळाली ती १८३५ च्या आसपास. त्याआधीच्या याद्यांत माणूस आडनावाने शोधू नका. शेताच्या नावाने शोधा, कारण शेताचं नावच माणसाला लागायचं.

जेवणाचं. या भागातल्या खानावळींत डुकराचं मांस आणि मासे हे मुख्य. आंबवलेल्या कोबीची भाजी शाकाहारी दिसते, पण ‘मुल्गीकाप्सास’ या प्रकारात मांस असतंच. ‘इल्मा लिहाता’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून ठेवा, आणि मासाही नको असेल तर तो वेगळा सांगा. तिकडे मासा मांसात धरतीलच असं नाही. काळी राय ब्रेड, लोणी, उकडलेले बटाटे, रानातल्या बेरी यावर दिवस सहज निघतो. आवर्जून मागावी अशी गोष्ट म्हणजे ‘कामा’. भाजलेल्या बार्ली, राय, ओट आणि वाटाण्याचं पीठ, ताकात किंवा आंबट दुधात कालवलेलं. आपल्या सातूच्या पिठाचा थेट चुलतभाऊ. एखादं पाकीट घरी आणा. मीठ-जिरं घालून ताकात कालवलं तर पुण्यात कोणाला परदेशी वाटणार नाही.

कधी जावं? जून ते ऑगस्ट. जूनच्या अखेरीस रात्री दहालाही उजेड असतो, तिन्ही घरं रेटून होतात. २३ आणि २४ जूनला त्यांचा योहान्याचा सण असतो, अख्खा देश गावाकडे शेकोटीला जातो. त्या दोन दिवसांत काय उघडं आहे ते आधी विचारून घ्या. हिवाळ्यात दिवस सहा तासांचा, वेळापत्रकं आखूड, आणि कोल्गा अंधारात बघण्यात अर्थ नाही. उन्हाळ्यातली मुख्य कटकट म्हणजे डास आणि गोचीड. लाहेमाच्या गवतातली गोचीड मेंदूज्वराचा विषाणू आणू शकते, तेव्हा पूर्ण विजार मोज्यात खोचून चाला आणि रात्री गुडघ्यामागे, काखेत, केसांत नीट तपासा. बागेतल्या वाटा सोडून ‘चांगल्या अँगल’साठी उंच गवतात शिरणारे हौशी फोटोवालेच बहुधा सापडतात.

भाड्याची गाडी हाच खरा पर्याय. बसने गेलात तर ती विटना फाट्यापर्यंत पोचवते. पुढच्या सात-आठ किलोमीटरला गावबस असते, पण दिवसातून मोजकी, आणि तिघांची सांगड तिच्या भरवशावर बसत नाही. आंतरराष्ट्रीय परवाना निघण्यापूर्वी पुण्याच्या आरटीओतून काढावा आणि गाडी देणारे तो चालवून घेतात का, हे आधी लेखी विचारावं. एस्टोनियात दिवसाही दिवे लावून गाडी चालवायची, हा नियम आहे. अंधारात रस्त्याने चालताना अंगावर चकाकणारी पट्टी लावणं पादचाऱ्यालाही बंधनकारक. दुकानात स्वस्तात मिळते, पिशवीला अडकवून टाका. साधारण वेळ अशी धरा : कोल्गा दीड तास, पाल्म्से दोन, सागादी दोन, वनसंग्रहालय नीट बघायचं तर आणखी एक. सागादीहून समुद्रावरचं आल्त्या हे कोळ्यांचं जुनं गाव जवळ आहे, जेवण तिथे ठेवता येतं. परतताना मात्र तिन्हीसांजेला जंगलाच्या रस्त्यावर वेग कमी ठेवा. तिकडचं सांबर, म्हणजे एल्क, घोड्याएवढं उंच असतं आणि नेमकं त्याच वेळी रस्ता ओलांडतं.